मोटरहोममधले छतावरून उतरणारे बेड : कोणता चांगला, कुठे अडतो आणि का

मोटरहोम, म्हणजे राहायची-झोपायची सोय असलेली गाडी, बघायला गेलं की विक्रेता बटण दाबतो, छताला चिकटलेला डबल बेड गुरगुरत खाली येतो, बघणारे खूश होतात आणि बेड पुन्हा वर जातो. या प्रात्यक्षिकावर मत बनवण्यात अर्थ नाही. बिघडायला टेकलेला बेडही एवढं करून दाखवतोच. वीज नसताना तो हाताने खाली आणता येतो का, उतरताना चारही कोपरे एका पातळीत राहतात का, आणि गादी-पांघरुणासकट तो छतापर्यंत पूर्ण जातो का, हे तीन प्रश्न विचारले की चांगली यंत्रणा कोणती आणि दिखाऊ कोणती ते कळायला लागतं.

युरोपात बनणाऱ्या सहा-सात मीटरच्या गाड्यांमध्ये असा बेड आता सर्रास असतो. दिवसा खाली सोफा आणि टेबल, रात्री त्याच जागेवर झोपायची सोय, त्यामुळे गाडीची लांबी वाचते. भारतातून युरोपात किंवा न्यूझीलंडमध्ये जाऊन भाड्याने मोटरहोम घेणाऱ्या कुटुंबांच्या वाट्यालाही बऱ्याचदा हाच बेड येतो.

यंत्रणा मुख्यतः तीन प्रकारच्या. पहिली हाताने ओढायची. पुढचा भाग चौकोनी असलेल्या मोठ्या गाड्यांमध्ये ड्रायव्हरच्या सीटवर हा बेड असतो, त्याला बाजूने लोखंडी हात आणि गॅस स्ट्रट असतात. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधल्या ‘हायड्रॉलिक’ बेडचे शॉकर तेच हे. दुसरी विजेवर चालणारी, पट्ट्यांची. १२ व्होल्टची एक मोटर एक लांब नळी फिरवते, नळीवरच्या चरख्यांना गाडीच्या सीटबेल्टसारखे पट्टे गुंडाळले जातात आणि बेड वर चढतो. तिसरी साखळी किंवा दातेरी पट्टीची. चार कोपऱ्यांत उभे खांब, त्यांच्या आतून साखळी. अमेरिकेतल्या मोठ्या ट्रेलरमध्ये ही जास्त दिसते.

आमचा कौल आधीच सांगून टाकतो. दररोज झोपायचं असेल आणि ओढायला हातात जोर असेल तर हाताने ओढायचा बेड सर्वांत भरवशाचा. साखळीचा बेड दणकट, पण जड आणि आवाज करणारा. पट्ट्यांचा विजेचा बेड वापरायला सर्वांत सोपा आणि तक्रारीही त्याच्याच सर्वांत जास्त. त्यातल्या फार थोड्या तक्रारींत मोटर जळालेली असते. बहुतेक वेळा दोष पट्ट्यात, वायरीत नाहीतर बेडवर ठेवलेल्या सामानात निघतो, आणि कारागीर मात्र आधी मोटर बदलायचा सल्ला देतो.

पट्टा चुकीचा गुंडाळला गेला की

बेड तिरपा उतरतो, एक कोपरा वर राहतो, ही सर्वांत नेहमीची तक्रार. कारण समजून घेतलं तर अर्धी दुरुस्ती तिथेच होते. पट्टा चरख्यावर थरावर थर असा बसतो. एका कोपऱ्याच्या पट्ट्याला घडी पडली आणि त्या जागी २ मिलिमीटर जाडी वाढली, तर त्या चरख्याची त्रिज्या २ मिलिमीटरने वाढते. म्हणजे नळीच्या प्रत्येक फेऱ्याला तो कोपरा बाकीच्यांपेक्षा साडेबारा मिलिमीटर जास्त उचलला जातो. चार फेऱ्यांत पाच सेंटिमीटरचा फरक पडला. बेड तिरपा झाला की तो बाजूच्या कपाटाला घासतो, मोटरवर ताण येतो, आणि मग ‘मोटर कमजोर आहे’ असं निदान होतं.

घडी पडते ती पट्टा ढिला पडल्यामुळे. बेड खाली आला, सोफ्याची पाठ किंवा डोक्याची उशी काढायची राहिली, त्यामुळे एक बाजू अडकली. वरून बटण दाबलेलंच. अडकलेल्या बाजूचा पट्टा सैल होऊन चरख्यावरून सुटतो आणि पुढच्या वेळी वाकडा गुंडाळला जातो. चांगल्या यंत्रणेत पट्टा सैल पडताच मोटर बंद करणारा छोटा स्विच असतो. स्वस्त यंत्रणेत तो नसतो, किंवा चारपैकी दोनच कोपऱ्यांना असतो. विकत घेताना हे विचारण्यासारखं आहे, आणि विक्रेत्याला बहुधा ठाऊक नसतं. मग स्वतःच बघा. बेडच्या एका कोपऱ्याखाली जाड पुठ्ठ्याचा खोका ठेवून तो उतरवा. खोक्याला टेकताच मोटर थांबली तर ठीक.

याहून वाईट प्रकार म्हणजे बटणं उलटी चालू लागणं. ‘खाली’ दाबलं की बेड वर जातो. बघणाऱ्याला वाटतं वायरी उलट जोडल्या गेल्या. प्रत्यक्षात खालचा लिमिट स्विच, म्हणजे बेड टोकाला पोचला की मोटर थांबवणारा स्विच, काम करत नसतो, पट्टा शेवटपर्यंत उलगडून संपतो, नळी तशीच फिरत राहते आणि पट्टा दुसऱ्या बाजूने गुंडाळायला सुरुवात होते. हा बेड तसाच वापरू नका. वर जाताना मोटर आता ‘खाली’च्या दिशेने फिरत असते, त्यामुळे वरचा लिमिट स्विच तिला थांबवेलच असं नाही. बेड छतावर आदळतो, पट्टा ताणला जातो, कधी छतातली कप्पीच उखडते. उपाय साधा: हाताच्या हॅंडलने नळी परत योग्य दिशेला फिरवून पट्टे पूर्ण उलगडा, मग नीट ताण देऊन सरळ गुंडाळा आणि खालचा स्विच दुरुस्त केल्याशिवाय बटणाला हात लावू नका.

पातळी दुरुस्त करताना मोजमाप अंदाजाने करू नये. गाडी आधी समतल उभी करा, कारण उतारावर उभ्या गाडीत बेड बरोबर असला तरी पाणसळ तिरपीच दाखवणार. मग छतापासून बेडच्या फ्रेमपर्यंतचं अंतर चारही कोपऱ्यांत टेपने मोजा. कोपऱ्या-कोपऱ्यांत एक सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तरच हात घाला. आधी बेड पूर्ण खाली आणून हलक्या वजनासह दोनदा वर-खाली करा. पट्टा एकदाच वाकडा बसला असेल तर यातच सरळ होतो. तरी फरक राहिला तर पट्ट्याच्या टोकाचा बोल्ट शोधा. बऱ्याच यंत्रणांत तिथे लॉकनट असलेला समायोजनाचा बोल्ट असतो. तो एम ८ मापाचा असेल तर एका पूर्ण फेऱ्याला सव्वा मिलिमीटर सरकतो, त्यामुळे सहा मिलिमीटर उचलायला पाच फेरे हवेत. फेरा देण्यापूर्वी बोल्टवर मार्करने खूण करा, नाहीतर मूळ जागा हरवते. लॉकनट शेवटी घट्ट करायला विसरलात तर दोन महिन्यांत खटखट सुरू होईल.

पट्ट्याची कड कुरतडलेली दिसली तर शिवून घेणे, मेणबत्तीने कड जाळून घेणे हे उद्योग नकोत. पट्टा बदलायचा, आणि एक बदलायचा तर चारही. जुना पट्टा ताणलेला असतो, नवा नसतो; एकच बदलला की पातळीचं रडगाणं पुन्हा सुरू. कुरतडण्याचं कारण मात्र पट्ट्यात नसतं. ते कप्पीच्या फुटलेल्या कडेत किंवा प्लास्टिकच्या कव्हरच्या धारेत असतं. बोट फिरवून बघा, लगेच लागतं. कप्पीला ग्रीस लावायचा मोह होतो, पण ग्रीस पट्ट्याला लागून धूळ धरतं. कप्पीच्या आसावर थेंबभर कोरडं सिलिकॉन पुरेसं.

आणि यातलं काहीही करण्यापूर्वी: बेडखाली माणूस असेल तेव्हा तो फक्त पट्ट्यांच्या भरवशावर नसावा. योग्य उंचीचे चार लाकडी टेकू कापून घ्या, प्रत्येक कोपऱ्याखाली एक. फ्यूज काढून खिशात ठेवा. स्विचला चावी असेल तर तीही.

बटण दाबलं, काहीच झालं नाही

इथे घाई नडते. आधी साध्या गोष्टी. राहायच्या भागाचा १२ व्होल्टचा मुख्य स्विच चालू आहे का? बेडची चावी फिरवली आहे का? काही गाड्यांत इंजिन किंवा इग्निशन चालू असताना बेड मुद्दामच बंद ठेवलेला असतो, ते बंद करून बघा. प्रवासात बेड वर धरून ठेवायला लावलेले सुरक्षा पट्टे सोडले आहेत का? हे न सोडता ‘खाली’ दाबलं की बेड सुरक्षा पट्ट्यांवर लटकतो, आणि मुख्य पट्टे सैल होऊन वर सांगितलेली सगळी रामायणं सुरू होतात.

मग ऐका. स्विच दाबल्यावर रिलेचा (मोटरला वीज सोडणाऱ्या विद्युत-स्विचचा) ‘टक’ आवाज येतो आणि मोटर फिरत नाही, तर मोठा फ्यूज, मोटरची वायर किंवा स्वतः मोटर यांपैकी काहीतरी. टकही होत नाही, तर स्विच, चावी, लिमिट स्विच किंवा नियंत्रणाचा छोटा फ्यूज. फ्यूज नुसता डोळ्यांनी बघून ठीक ठरवू नका; मल्टिमीटरने दोन्ही टोकांना व्होल्टेज तपासा. फ्यूजचा पाय बसतो ती जागा तापून काळी पडली असेल तर नवा फ्यूजही महिनाभरात जाईल. आधी होल्डर बदला.

बेड रडत रडत वर जातो, मधेच थांबतो, आणि गाडी मुक्कामाच्या तळावरच्या वीजजोडणीच्या खांबाला जोडली की बरोबर चालतो. ही बॅटरीची किंवा वायरीची गोष्ट. साध्या लेड-ॲसिड बॅटरीत विश्रांतीच्या वेळी १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी. पण खरा आकडा मोटरच्या टर्मिनलवर आणि बटण दाबलेलं असताना मोजायचा. हिशोब असा: बॅटरीपासून मोटरपर्यंत ६ मीटर, जाऊन-येऊन १२ मीटर. वायर २.५ चौरस मिलिमीटरची असेल तर १५ अँपिअरला तिच्यात सुमारे १.३ व्होल्ट जातात. बॅटरीवर १२.२ असतील तर मोटरला ११ च्या खालीच मिळतात, आणि ऐन चढणीला ती धापा टाकते. हीच वायर ६ चौरस मिलिमीटरची केली की तोटा अर्ध्या व्होल्टच्या थोडा वर उरतो. जुन्या गाडीत नवी मोटर बसवण्यापेक्षा ही दुरुस्ती कितीतरी स्वस्त आणि टिकाऊ. गंजलेलं अर्थिंगही विसरू नका. लूज कॉन्टॅक्टमध्ये याहून जास्त व्होल्ट जातात.

मुलांनी बेड चार-पाच वेळा खाली-वर केला आणि तो बंद पडला, तर घाबरू नका. या मोटरी थोडा वेळ चालण्यासाठीच बनवलेल्या असतात, तापल्या की आतला थर्मल कट-आउट त्यांना थांबवतो. वीसेक मिनिटं जाऊ द्या.

लिमिट स्विच म्हणजे पाती आणि लहानसं चाक असलेला मायक्रोस्विच, किंमत काही पौंडांची. पाती वाकते, किंवा गादीची चादर तिच्यावर येते. वरचा स्विच दाबलेलाच राहिला तर बेड वर जायला नकार देतो पण खाली येतो. खालचा अडकला तर उलट. एकाच दिशेला अडलेला बेड दिसला की मोटरकडे बघूच नका, थेट स्विचकडे जा. वायर काढून मल्टिमीटरचा बझर लावा, पाती बोटाने दाबा-सोडा. आवाज बदलला पाहिजे.

हाताचं हॅंडल हा या सगळ्याचा विमा. ते कुठे असतं हे प्रत्येक गाडीत वेगळं: गादीखाली, कपाटाच्या वरच्या झाकणामागे, मोटरच्या टोकाला. षटकोनी डोकं असेल तर साध्या सॉकेट पान्ह्यानेही काम होतं. बॅटरीवरचं ड्रिल मंद गतीने लावलं तर चालतं, पण ठोकणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर लावू नका, गिअरचे दात जातात. गाडी दाखवताना विक्रेत्याला हॅंडल पाच मिनिटांत सापडलं नाही, तर ते मध्यरात्री तुम्हालाही सापडणार नाही.

हाताने ओढायचा बेड आणि त्याचे स्ट्रट

हा बेड बिघडतो तो एकाच प्रकारे: वर टिकत नाही, नाहीतर चढवताना खांदे भरून येतात. स्ट्रटमधला नायट्रोजन वर्षानुवर्षं हळूहळू सुटतो. थंडीत फरक आणखी जाणवतो. २० अंशांवरून शून्यावर आलं की स्ट्रटचा जोर साधारण सात टक्क्यांनी घटतो. हिवाळ्यात नॉर्वेला जाणाऱ्यांनी एवढ्यावरून स्ट्रट बदलू नयेत.

दुसरं कारण आपणच निर्माण करतो. मूळ गादी कडक वाटते म्हणून वर मेमरी फोमचा थर टाकला जातो. १४० बाय २०० सेंटिमीटरचा, ५ सेंटिमीटर जाड थर साधारण सात किलोचा होतो. स्ट्रट बिजागरीच्या जवळ असतो आणि वजन दूर, त्यामुळे हे सात किलो स्ट्रटला कितीतरी जास्त जाणवतात. विजेच्या बेडलाही या थराचा त्रास आहेच: जाडीमुळे बेड छतापर्यंत पोचत नाही, वरचा स्विच लागत नाही आणि मोटर ढकलत राहते.

बदलताना जुन्या स्ट्रटवर छापलेला न्यूटनचा आकडा वाचा. पुसला असेल तर पूर्ण लांबी दोन्ही टोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत, दांड्याची चाल, दांड्याचा आणि नळीचा व्यास, आणि टोकाचा प्रकार मोजा. ८ मिलिमीटर दांडा आणि १८ ची नळी हे नेहमीचं माप, त्यात साधारण ७५० न्यूटनपर्यंत मिळतात. त्यावर जायचं तर दांडा १० चा लागतो. स्ट्रट जोडीनेच बदला. दीडपट जोराचे आणून ‘आता पुढची दहा वर्षं बघायला नको’ असं करू नका. असा बेड खाली थांबत नाही, कुणी उठलं की उसळतो, आणि वरची कडी तोडतो.

काढताना स्ट्रट पूर्ण लांब झालेला असावा. बहुतेक बेडांत ती वरची स्थिती. टेकू लावा, बॉल-जॉइंटची स्प्रिंग क्लिप छोट्या स्क्रू ड्रायव्हरने अर्धी उचला, एका बाजूचा बदलून झाल्यावरच दुसरा. बेड प्रवासात असतो त्या स्थितीत दांडा खाली आणि नळी वर अशी बसवली की तेल सीलपाशी राहतं आणि स्ट्रट जास्त टिकतो. काढलेला स्ट्रट कापू किंवा भोक पाडू नका. ७५० न्यूटनच्या स्ट्रटमध्ये दाब १५० बारच्या आसपास असतो.

घेताना, भाड्याने घेताना, भांडताना

क्षमतेचा आकडा बेडवरच्या पाटीवर बघा. डबल बेडला २०० किलोची मर्यादा बऱ्याच ठिकाणी दिसते, आणि ती बेड पूर्ण खाली टेकलेला असतानाची. माणसासकट वर-खाली करणं कुठल्याच यंत्रणेत चालत नाही. खाली आल्यावर बेड कशावर टेकतो ते वाकून बघा. ठोकळ्यांवर किंवा खांबांवर टेकणारा उत्तम. रात्रभर पट्ट्यांवरच लोंबकळणारा असेल तर कूस बदलली की डुलतो आणि पट्टेही लवकर थकतात. या एका मुद्द्यावर आम्ही गाडी नाकारू.

भाड्याची गाडी ताब्यात घेताना बेड गादी-पांघरुणासकट पूर्ण खाली, पूर्ण वर करून मोबाईलवर चित्रण करा. हॅंडल दाखवायला सांगा, आणि अडल्यास रात्री फोन कुणाला करायचा ते कागदावर लिहून घ्या. लहान मुलांना वर झोपवायचं असेल तर जाळी आणि शिडी गाडीतच आहेत ना, तेही.

ब्रिटनमध्ये डीलरकडून गाडी घेतली असेल तर २०१५ चा ग्राहक हक्क कायदा कामाला येतो. पहिल्या ३० दिवसांत सदोष वस्तू परत करता येते. त्यानंतर डीलरला दुरुस्तीची एक संधी, ती फसली तर गाडी परत किंवा किमतीत कपात. मोटार वाहन असल्याने वापरापोटी काही रक्कम कापली जाऊ शकते. पहिल्या सहा महिन्यांत दोष आधीपासून नव्हता हे सिद्ध करायचं काम विक्रेत्याचं. जर्मनीत १ जानेवारी २०२२ पासून हा काळ एक वर्षाचा आहे. तक्रार लेखी करा, सोबत चित्रण आणि चार कोपऱ्यांची मापं जोडा. ‘बेड नीट चालत नाही’ या वाक्यापेक्षा ‘डावा मागचा कोपरा ४२ मिलिमीटर वर राहतो’ हे वाक्य टाळायला अवघड. खालचा सांगाडा आणि इंजिन वेगळ्या कंपनीचं, त्यांची वॉरंटीही वेगळी असते, त्यामुळे फियाट किंवा फोर्डच्या वर्कशॉपमध्ये बेड घेऊन जाण्यात वेळ घालवू नका.

सुट्या भागांसाठी गाडी बनवणाऱ्याचं नाव पुरत नाही. बेडची यंत्रणा बहुतेक वेळा दुसऱ्याच कंपनीची असते. इटलीतल्या प्रोजेक्ट २००० चे बेड-लिफ्ट अनेक युरोपीय गाड्यांत असतात, आणि ती कंपनी २०१६ पासून अमेरिकेच्या लिपर्टकडे आहे; ट्रेलरमधली हॅपीजॅक यंत्रणाही त्याच घरची. गादी उचलून मोटरशेजारची पाटी शोधा, तिचा फोटो घ्या, त्यावरचा भाग क्रमांक आणि गाडीचा चासी नंबर दोन्ही कळवा. एकच क्रमांक दिला की उजव्याऐवजी डावी कप्पी घरी येते आणि पुन्हा तीन आठवडे थांबावं लागतं.